गिळण्याच्या त्रासासाठी मुलाला इतक्या तज्ज्ञांकडे का न्यावे लागते?

आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) आहे, पाणी पिताना त्याला ठसका लागतो आणि बालरोगतज्ज्ञांनी त्याला स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबरच गिळण्याचा त्रासही तपासणारे), ऑक्युपेशनल थेरपिस्ट (बसणे, जेवणे अशा रोजच्या क्रियांसाठी मदत करणारे) व आहारतज्ज्ञ अशा तिघांकडे पाठवले आहे. यांपैकी एकाच तज्ज्ञाने तपासले तर चालणार नाही का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः स्पीच थेरपिस्ट आहे, आणि केवळ माझ्या तपासणीवरून अशा मुलाचा आहार ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला समोर बसून ओठांची व जिभेची हालचाल, चावणे, गिळायला लागणारा वेळ हे दिसते. परंतु घास श्वासनलिकेत उतरतो की नाही, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. मेंदूच्या विकारांत पुष्कळ मुलांना पाणी श्वासनलिकेत गेले तरी खोकलाच येत नाही, आणि मग वारंवार होणारा न्यूमोनिया ही महत्त्वाची खूण ठरते, जिची नोंद बालरोगतज्ज्ञांकडे असते. शंका उरल्यास बेरियम (क्ष-किरणांत स्पष्ट दिसणारा पदार्थ) मिसळलेले अन्न देऊन क्ष-किरणांखाली गिळण्याचे चित्रीकरण करतात आणि ते रेडिऑलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट मिळून पाहतात. किरणोत्सर्ग मर्यादित ठेवायचा असल्याने त्यात थोडेच घास टिपले जातात. जेवणाच्या शेवटी थकलेले मूल कसे गिळते, हे मात्र रोज भरवणारी आईच सांगू शकते.

बसण्याच्या पद्धतीबद्दल थोडे विस्ताराने सांगते. आपल्याकडे मुलाला मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून भरवण्याची सवय आहे. त्या स्थितीत पातळ पदार्थ गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच घशात ओघळू शकतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टने कंबरेला व मानेला आधार देऊन सरळ बसवल्यावर तेच मूल तोच घास अधिक सुरक्षितपणे गिळताना मी पाहिले आहे, म्हणून चित्रीकरणही घरी ज्या स्थितीत भरवणार त्याच स्थितीत व्हावे, असा माझा आग्रह असतो. पेज पातळ केली की सोपी जाईल, हा समजही अशा मुलांच्या बाबतीत बहुधा उलटा ठरतो, कारण पातळ पदार्थ घशात लवकर ओघळतो; म्हणून पाणीही कधी दाट करून द्यावे लागते. मात्र मी पाणी दाट करायला सांगितले आणि मूल ते पुरेसे प्यायले नाही, तर बद्धकोष्ठता वाढते; तिथे आहारतज्ज्ञांचा हिशेब हवाच. झटक्यांवरील काही औषधांनी पेंग व लाळ वाढते, तेव्हा ती औषधे देणाऱ्या डॉक्टरांनाही गिळण्याच्या त्रासाची कल्पना द्यावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात यांपैकी काही तज्ज्ञ एका छताखाली भेटू शकतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना घरच्या जेवणाचे, विशेषतः शेवटच्या काही मिनिटांचे, मोबाइलवर चित्रीकरण करून न्यावे आणि सर्वांना तेच दाखवावे. जेवण नेहमीच अर्ध्या तासापेक्षा लांबत असेल व वजन वाढत नसेल, तर अन्न थेट देण्यासाठी पोटात नळी बसवण्याचा विषय निघू शकतो. त्या निर्णयासाठी या सर्वांनी आपल्याबरोबर एकदा एकत्र बसावे, असे बालरोगतज्ज्ञांना आताच सांगून ठेवावे.