साइड वॉल्व जीपला ओव्हरहेड हेड बसेल का?

प्रश्न : आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली 1944 सालची विलिस जीप आमच्याकडे अजून चालू आहे. इंजिन मूळचंच, साइड वॉल्व, म्हणजे वॉल्व सिलिंडरच्या बाजूला असलेलं. पुण्याहून येताना खंबाटकी चढायची म्हटली की तिचा दम जातो, पाणी उकळतं. जुन्या फोर्ड गाड्यांना अमेरिकेत ओव्हरहेड वॉल्वची हेड, म्हणजे वॉल्व वर असलेली इंजिनाची झाकणं बसवत, असं वाचलं. ओळखीचे एक फाउंड्रीवाले तसं हेड ओतून द्यायला तयार आहेत. करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका करून घेऊ. फाउंड्रीवाल्यांच्या कामाबद्दल शंका नाही, मला तुमच्या ब्लॉकची, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाची काळजी वाटते.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन 2.9 लिटरचं, पण ताकद 20 हॉर्सपॉवर. शेव्हरोले बंधूंनी त्यासाठी फ्रॉन्टेनॅक नावाची ओव्हरहेड हेड काढली आणि 1923 साली इंडियानापोलिस 500 मध्ये असली एक फ्रॉन्टी-फोर्ड पाचवी आली. पुढे फोर्डच्या साइड वॉल्व व्ही-8 साठी झोरा आर्कस-डंटोव्ह आणि त्यांच्या भावाने आर्डन हेड केली. त्या व्ही-8 चा एक्झॉस्ट ब्लॉकमधून, पाण्याच्या जॅकेटला चिकटून बाहेर पडे, म्हणून ते इंजिन बसवलेले ट्रक तापायचे. आर्डनने ती वाटच वर हेडमध्ये नेली.

तुमच्या जीपसाठी हे काम खुद्द विलिसनेच केलंय. त्यांच्या हरिकेन इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 79.4 आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) 111.1 मिलिमीटर, तुमच्याइतकाच. इनलेट वॉल्व हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच ठेवला. 60 हॉर्सपॉवरचे 72 झाले. पण नुसतं हेड बदलून भागलं नाही. वरचा वॉल्व हलवणाऱ्या पुशरॉडना, म्हणजे दांड्यांना, वर जायला वाट हवी, म्हणून ब्लॉकच वेगळा केला. इंजिनाची उंची वाढली तसं बॉनेट वर उचलावं लागलं. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बीचं उंच कपाळ आठवतंय ना? ते त्यामुळेच. तुमच्या 1944 च्या बॉनेटखाली तेवढी जागा नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाणं, वाढवायला कुणी हेड घासायला सांगितलं, तर तेही करू नका. 1986 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी स्वतः एका जीपचं हेड ऐंशी थाऊ (इंचाचे ऐंशी हजारांश) घासलं होतं. सपाटीला गाडी छान पळाली. चढावर मालकाने ॲक्सिलरेटर दाबला तर पहिल्यापेक्षा लवकर गळाली. साइड वॉल्वमध्ये मिश्रण वॉल्वपाशी वर येतं, हेडखाली वळतं आणि मग सिलिंडरवर पसरतं. हेड खाली आणलं की ही वळणाची वाट अरुंद होते. कॉम्प्रेशन वाढलं, पण श्वास कोंडला. मालकाला मी दुसरं हेड शोधून दिलं, त्याला दोन महिने लागले.

आता तुमचं दुखणं. दम जाणं आणि उकळणं बहुतेक एकाच कारणाने होत असेल, आणि ते शोधायला हेड एकदा खाली उतरवावंच लागेल. एक्झॉस्ट वॉल्वची सीट आणि बोअर यांच्यामधली पट्टी नीट बघा. तिथे ब्लॉक सगळ्यात जास्त तापतो. तो भाग कार्बन काढून स्वच्छ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर मुरलेलं रॉकेल पुडीत चढतं आणि केसाएवढी ओली रेघ उमटते. ती रेघ दिसली तर ओव्हरहेडचा विषय तिथेच मिटवा, आधी ब्लॉक दुरुस्त होतोय का ते विचारा.

रेघ नसेल तर जॅकेटमधला गाळ काढा, रेडिएटर बाहेर काढून साफ करून घ्या, इग्निशन टायमिंग तपासा. टायमिंग मागे राहिलं की साइड वॉल्व हमखास तापतं. वॉल्व आणि सीट ग्राइंड करून घ्या, मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजा. आकड्यांत दहा पौंडांच्या वर फरक नको.

एवढं करूनही जास्त ताकद हवीच असेल, तर अख्खं हरिकेन इंजिन बघा. बॉनेटचं काम मात्र करावं लागेल. मूळ इंजिन ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरीच ठेवा, भंगारात देऊ नका. आणि हेड उतरवलंत की त्या पट्टीचा जवळून घेतलेला फोटो मला पाठवा.