मुलांशी बोलायला बसण्याआधी

अगं, एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्याबद्दलची प्रश्नावली तुला पाठ आहे, पण पहिल्या दिवशी ती पिशवीतच ठेव. वर्गात प्रत्येकाला सारखी चिठ्ठी दे. ज्याला काही विचारायचं नाही, त्यानेही ‘काही नाही’ असं लिहून डब्यात टाकायचं. म्हणजे कोणी विचारलं ते कळत नाही. माझ्याकडे एकदा चार घड्या घातलेली चिठ्ठी आली होती, ‘डास चावून एचआयव्ही होतो का?’ होत नाही, हे तिथल्या तिथे सांग. उद्यावर ढकलू नकोस, त्या पोराची रात्र भीतीत जाते.

पालकांची संमती असली तरी मुलाचा होकार वेगळा घे. आणि ‘सगळं गुपित राहील’ असं वचन देऊ नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालच्यांच्या लैंगिक संबंधांची माहिती कळवणं बंधनकारक आहे. हे आधी सांग, मगच प्रश्न विचार. निघताना १०९७ हा एचआयव्ही-एड्सचा हेल्पलाइन नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही.