लाँच बघून लगेच फोन बुक करू नको भावा

पहिलाच फोन घेतोयस ना, मग लाँचचा व्हिडिओ बघून प्री-ऑर्डर मारू नको, आधी दुकानात जाऊन हातात धर आणि दुकानदाराला विचारून बाहेर उन्हात आण, कारण आपल्या सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात ५०० निट्सच्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड. जाहिरातीतला मोठा आकडा पीक ब्राइटनेसचा असतो, तो स्क्रीनच्या छोट्या भागापुरताच मिळतो, तू एचबीएमचा, म्हणजे हाय ब्राइटनेस मोडचा, उन्हात अख्खी स्क्रीन किती उजळते त्याचा आकडा बघ.

१२० हर्ट्झ न् २४० हर्ट्झमध्ये लय जण गोंधळतात. १२० हा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा बदलतं, आणि २४० बहुतेक वेळा टच सॅम्पलिंग असतो, म्हणजे बोट कुठं आहे ते स्क्रीन सेकंदाला तेवढ्यांदा तपासतो.

आमच्या वडिलांचं काम मार्केट यार्डात हळदीचं, बोटं कायम पिवळी, त्यांना स्क्रीनखालचा ऑप्टिकल फिंगरप्रिंट घेऊन दिला न् पस्तावलो, तो बोटावर उजेड टाकून फोटो काढतो, हळदीचा थर असला की ओळखतच नाही, दिवसभर बिचारे पासवर्ड टाकत बसायचे. तुझं काम शेतातलं, तर हे नक्की तपास.

८ प्लस ८ जीबी रॅम लिहिलं असंल तर खरी रॅम ८च, बाकीची स्टोरेजमधनं उसनी घेतलेली आणि हळू. त्यापेक्षा अपडेट किती वर्षं देणार ते आधी विचार.