लॉन चेनी म्हणजे नुसता मेकअपच होता का?

तुम्ही विचारलंय की हॉलिवूडच्या मूकपटांतला जो नट, ज्याला 'हजार चेहऱ्यांचा माणूस' म्हणायचे, त्या लॉन चेनीकडे मेकअप सोडून काही होतं का. होतं, आणि माझ्या मते तेच जास्त होतं.

मुळात त्याचे आईवडील दोघंही मूकबधिर. जन्म १८८३ चा, कोलोरॅडो स्प्रिंग्जचा, वडील न्हावी, आणि आईच्या वडिलांनी तर तिथली मूकबधिर मुलांची शाळाच सुरू केलेली. पुढे आई संधिवाताने अंथरुणाला खिळली तेव्हा ह्याने चौथीतच शाळा सोडली आणि तिच्याजवळ राहिला, बाहेर काय चाललंय ते तिला हातांनी, चेहऱ्याने करून दाखवायचा. ज्याला घरातच तोंडातून शब्द न काढता सगळं सांगायची सवय लागली, तो मूकपटात शिकण्यासारखं बरंच काही आधीच शिकून आला होता.

सिनेमात मात्र तो हौसेने आलेला नाही. नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरायचा, १९१३ मध्ये लॉस एंजेलिसला त्याच्या थिएटरवरच पहिल्या बायकोने विष घेतलं, ती वाचली पण गायिका होती तिचा गळा कायमचा गेला. घटस्फोट झाला, बोभाटा झाला, रंगभूमीवर काम मिळेना म्हणून युनिव्हर्सल या फिल्म स्टुडिओत छोटे छोटे रोल करायला लागला. नाव झालं ते १९१९ च्या 'द मिरॅकल मॅन'मुळे, म्हणजे वयाच्या छत्तिशीत.

आता मेकअपचं. 'फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) मधला मुखवटा काढायचा सीन सगळ्यांना माहीत असतो पण तो नीट बघा. फँटम, म्हणजे विद्रूप चेहरा मुखवट्याआड लपवणारा चेनी, ऑर्गन वाजवतोय, गायिका क्रिस्टीन मागून येऊन मुखवटा ओढते, आणि तो चेहरा तिच्याआधी आपल्याला दिसतो. त्या क्षणी चेनीचं तोंड असं उघडतं की राग नंतर येतो, आधी चोरी पकडली गेल्यासारखी लाज दिसते. तो मेकअप त्याने स्वतः केलेला हे खरंच, पण ती लाज काही डब्यातून येत नाही हो!

माझं ऐकाल तर सुरुवात 'द पेनल्टी' (१९२०) पासून करा. लहानपणी डॉक्टरच्या चुकीमुळे दोन्ही पाय गेलेला गुंडांचा म्होरक्या. चेनीने पाय गुडघ्यात दुमडून मागे पट्ट्यांनी आवळून बांधले होते, फार वेळ तसं राहताच यायचं नाही इतकं दुखायचं. त्यात तो पियानो वाजवतो आणि खाली बसलेल्या बाईकडून पेडल दाबून घेतो, तेव्हा त्याचा चेहरा सुरात इतका हरवलेला असतो की हा क्रूर माणूस आहे हे आपण विसरतो. पाय काय, ट्रिकने कोणीही लपवेल.

आवाजात कमी पडला असता का, तर नाही. एकच बोलपट केला, १९३० चा 'द अनहोली थ्री', आणि त्यात पाच वेगवेगळे आवाज काढले, ते त्याचेच आहेत असं प्रतिज्ञापत्रसुद्धा सही करून दिलं होतं. तो लागला जुलैमध्ये आणि ऑगस्टमध्ये चेनी कॅन्सरने गेला, फक्त ४७ वर्षांचा.

आणि हो, त्याचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा सिनेमा शोधत बसू नका. त्याची शेवटची माहीत असलेली प्रत १९६५ मध्ये एमजीएम या फिल्म कंपनीच्या गोदामाच्या आगीत गेली, आता त्या नावाने जे मिळतं ते जुने फोटो जोडून केलेलं आहे.