मऊ कवच म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: बाजारातून आणलेली चिंबोरी चांगली मोठी होती, पण फोडली तर आत नुसतं पाणी. कोळीण म्हणाली, कात टाकलेली आहे. हॉटेलात ‘सॉफ्ट शेल क्रॅब’ महाग मिळतो, ती वेगळी जात का? (अलिबाग)

उत्तर: जात वेगळी नाही, वेळ वेगळी. खेकड्याचं कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून ते टाकावं लागतं. त्याआधी जुन्या कवचातला थोडा चुना शरीर परत ओढून घेतं आणि खाली नवं, मऊ कवच तयार होतं. मग पाठीमागची शिवण उसवते आणि खेकडा नांग्या-पायांसकट उलटा सरकत बाहेर येतो. लगेच पाणी पिऊन फुगतो, नवं कवच ताणतं आणि त्याच मापात टणक होतं. म्हणजे आकार आधी पाण्यानं वाढतो, मांस सावकाश भरतं. तुमची चिंबोरी या मधल्या काळातली.

हॉटेलातला खेकडा त्याच्याही आधीचा, कात टाकल्यावर काही तासांतच उचललेला. कवच टणक व्हायला खाऱ्या पाण्यातला चुना लागतो. वेळेवर पाण्याबाहेर काढून थंड केला की ते मऊ राहतं. मऊ झालेल्याला बाकीचे खेकडे खाऊन टाकतात, म्हणून संवर्धनात प्रत्येकाला वेगळा डबा. दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, डबे बघावे लागतात. किंमत या पहाऱ्याची आहे. साफ करताना डोळ्या-तोंडाचा भाग कात्रीनं कापा, पाठीची टोकं उचलून दोन्हीकडचे कल्ले काढा, पोटाखालची झडप ओढून टाका. बाकी सगळं कवचासकट तळून खाता येतं.

साधी चिंबोरी घेताना मात्र उलटी धरून मागच्या पायांजवळ पोटाचं कवच अंगठ्यानं दाबा. दबलं तर घेऊ नका. हातात जड लागणारी, पाठीवर ओरखडे असलेली, नांगीचे दात झिजलेली चिंबोरी बहुधा भरलेली निघते. कोरी चकचकीत दिसली म्हणून भुलू नका.

प्रश्न: शंख-शिंपले ‘मृदुकाय’ आणि खेकड्यांचा वर्ग ‘मॅलॅकोस्ट्राका’, म्हणजे मऊ कवचाचे. दोन्ही टणक असून मऊ कसे? (पुणे)

उत्तर: ‘मृदुकाय’ शब्द कवचाबद्दल बोलतच नाही. तिसऱ्या, कालवं, माकुल यांचं अंग मऊ असतं, एवढंच तो सांगतो, आणि माकुलाला बाहेरून कवच नसूनही तो चपखल बसतो. ‘मॅलॅकोस्ट्राका’ची कल्पना ॲरिस्टॉटलची. त्याची कसोटी अगदी हाताची होती: दाबल्यावर चेपतं पण तुकडे होत नाहीत ते मऊ कवच, म्हणजे खेकडे आणि शेवंड, ठोकल्यावर तुकडे होतात ते टणक, म्हणजे कालवं. ‘मऊ’ हे शिंपल्याच्या तुलनेत आहे. १८०२ मध्ये लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं तेच नाव वर्गाला दिलं. मराठीत ‘मृदुकवची’ म्हणावं. ‘मृदुकाय’ खेकड्याला लावणं चूक.

प्रश्न: नदीत दिसणारं मऊ पाठीचं कासवही कात टाकलेलं असतं का? (सांगली)

उत्तर: नाही, ते जन्मभर तसंच असतं. पाठीवर टणक खवल्यांऐवजी चामड्यासारखी कातडी असते, तिच्याखाली हाड असतंच. फक्त कडा लवचीक. दख्खनच्या नद्यांमध्ये लेथचं कासव या गटातलं. कायद्यानं त्याला संरक्षण आहे. जाळ्यात सापडलं तर मान लांब करून जोरात चावतं, तेव्हा हात तोंडापासून दूर ठेवून जाळं कापा आणि तिथेच पाण्यात सोडा.