काठ आधी कुणाचा?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यासाठी काढलेले तुझे नकाशे नीट पाहिले. परवा फोनवर तुझा आवाज भरून आला होता, ते मनातून जात नाही. तुझे सर म्हणतात, मुंबईचा पूर्व किनारा लोकांना फिरायला मोकळा कर. तुला वाटतं, मग भाऊच्या धक्क्यावरची माणसं जातील कुठे? दोघांचंही समाधान करणारा आराखडा तू शोधते आहेस. तो मिळायचा नाही. एकच प्रश्न हातात धर: हे काम पाण्यापासून दूर होऊ शकतं का? ज्याचं पाण्यावाचून अडतं, त्याला काठ आधी.

नकाशात तू धक्क्याची नुसती एक जाड रेघ ओढली आहेस. अगं, धक्का म्हणजे टेकायला पुरेसं खोल पाणी, दोर गुंतवायला खुंट, माल टाकायला फरशी, मागे शेड आणि शेडपर्यंत ट्रक येईल असा रस्ता. यातला रस्ता तू काढून तिथे झाडं लावलीस, म्हणजे धक्का बंदच केलास. आपल्याकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. म्हणून तर 1880 च्या प्रिन्सेस डॉकला दरवाजे होते. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, बाहेर ओहोटी लागली तरी आत जहाज तरंगतं. टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारा कारकून, म्हणून मी गोदीत उभा राहिलो तो याच हिशेबावर. हॅचमधून, म्हणजे जहाजाच्या पोटात उघडणाऱ्या तोंडातून, पोत्यांची स्लिंग (दोराची झोळी) वर आली की पोती मोजायची, फाटलेलं वेगळं लिहायचं, तोवर खाली मजुरांची टोळी पुढची स्लिंग भरत असायची.

ते काम गेलं, हे मला कुणी समजावू नये. खाडीपलीकडचं न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले. त्यांना खोल पाणी आणि अफाट मोकळी जागा लागते, ती शहराच्या पोटात कुठून आणायची? त्याचं दुःख मी करत नाही. दुःख याचं आहे की प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकल्या. बुजवलेलं पाणी परत मिळत नाही, पोरी. तेव्हा मी हेच बोलत राहिलो तर मला हटवादी म्हणाले. म्हणोत. आजही तेच म्हणेन.

धक्क्यावरचा माल बदलला म्हणून धक्का मेला, असं तुझ्या टिपणात आहे. ते आधी खोड. ससून डॉक 1875 साली कापसाच्या व्यापारासाठी बांधला. आज तिथे मासळी उतरते. पहाटे जा. ट्रॉलर एकाला एक लागून उभे असतात, पाट्या हातोहात वर येतात, बर्फाचा चुरा पायाखाली वाजतो, कोळणींचा लिलाव तू वही उघडेपर्यंत संपलेला असतो. ही मासळी डोंगरावर उतरवणार आहेस का? कॅफे कुठेही चालतो. ट्रॉलर चालत नाही.

तुझ्या सरांचा एक मुद्दा मात्र मान्य. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकाइन नावाचं जहाज फुटलं, त्यात दारूगोळा होता आणि कापूसही. असला माल वस्तीजवळ नकोच. पण कुठला माल आणायचा हे ठरवणं वेगळं आणि धक्काच उठवणं वेगळं. तुझ्या वहीत या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या आहेत, वेगळ्या कर.

फिरायला जागा हवी, हे मला कळत नाही असं समजू नकोस. चाळीतल्या मुलांना समुद्राची हवा मिळावी असं मलाही वाटतं. काम संपलेल्या, कुलूप लावलेल्या जागा तिकडे ढिगाने पडल्या आहेत, त्या उघड. ज्या काठावर आज दोर बांधला जातो, तो तसाच ठेव. 2020 पासून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, भाऊच्या धक्क्यावरून सुटते. गाडीसकट माणूस तासाभरात पलीकडे, रस्त्याने मोठा वळसा. ही सोय कशामुळे झाली? काठ शिल्लक होता म्हणून! पन्नास वर्षांनी कुणाला काय उतरवावं लागेल, हे आज ना तुला माहीत ना मला. तेवढ्यासाठी तरी खोल पाण्याचा काठ बांधून टाकू नकोस.

आता पुढचं. ओहोटीची वेळ बघून उरणजवळच्या मोरा बंदराच्या लाँचने जा. गाळामुळे तिकडे लाँच लावताना काय होतं ते डोळ्यांनी पाहा, तांडेलला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, विचार, त्याचं उत्तर त्याच्या शब्दांत लिहून घे. मग नकाशावर प्रत्येक चौकोनाशेजारी लिही: पाण्यावाचून अडतं, की नाही. पुढच्या रविवारी तो कागद घेऊन ये. रंगवलेला नको, पेन्सिलीचा चालेल.

तुझा,
काका