‘५० टक्के सूट’ नेमकी कशावर?

प्रश्न : दसऱ्याआधी लातुरातल्या एका कंपनीने ‘मॉड्युलर किचनवर ५० टक्के सूट, फक्त विजयादशमीपर्यंत’ अशी जाहिरात केली होती. मुदत टळेल या धास्तीने मी ४०,००० रुपये विसार भरला. दिवाळीतही तीच सूट चालू आहे आणि त्याच मापाच्या कामाला आमच्या सुतारानेही जवळपास तेवढाच दर सांगितला आहे. ही फसवणूक ठरते का आणि विसार परत मिळेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मापानुसार करून घेतलेल्या किचनवर छापील किंमत नसते, त्यामुळे ‘मूळ दर’ कंपनीच ठरवते आणि तो आधी फुगवून मग निम्मा करणे तिला सहज जमते. एखादी वस्तू किंवा सेवा एरवी कोणत्या किमतीला विकली जाते याविषयी लोकांची दिशाभूल करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून सूट नसतानाच्या काळात कंपनीने इतरांना दिलेली दरपत्रके किंवा बिले मिळाली, तर तुमची बाजू भक्कम होईल. दसऱ्याच्या आणि दिवाळीच्या जाहिराती तारखेसह जपून ठेवाच. सुताराच्या दरावर मात्र फार विसंबू नका. त्याने साधा एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारा) धरला असेल आणि कंपनीने आयएस ७१० या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), तर ती तुलनाच होत नाही. दोघांकडूनही प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे दाखवणारे लेखी दरपत्रक घ्या. हे मागताच टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार पुढे नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विसाराचे उत्तर इतके सरळ नाही. बुकिंग फॉर्मवर रद्द करण्याच्या अटी काय आहेत आणि काम सुरू झाले आहे का, यावर ते अवलंबून राहील. कपाटे कापायला घेण्यापूर्वीच लेखी पत्र देऊन काम थांबवा, रक्कम परत मागा आणि पोच घ्या. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतरही अडले तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकते, पण त्या दंडातून तुमचा विसार परत मिळत नाही. त्यासाठी आयोगाकडेच मागणी करावी लागेल.